विषय: आई-बाबांच्या सामानात पॉवर बँक कुठं ठेवायची?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या आठवड्यात नागपूरहून दोहामार्गे इकडे येताहेत. बाबांनी मोबाइल सोडून सगळं, म्हणजे पॉवर बँक, टॅब, लॅपटॉप, चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाकून वरून दोरीही बांधून ठेवली, कारण शेजारच्या काकांनी सांगितलं की केबिनमध्ये हे काहीच चालत नाही. खरं काय? आईचा मिक्सरही आहे.

---

ताई, ती दोरी आजच सोडायला सांगा.

काकांनी सांगितलं ते मार्च २०१७ चं. तेव्हा अमेरिकेनं दोहा, दुबई, अबुधाबी धरून १० एअरपोर्टवरून अमेरिकेत जाणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण केबिनमध्ये न्यायला बंदी केली होती, लॅपटॉपमध्ये बॉम्ब लपवतील म्हणून. जुलैपर्यंत ती उठलीसुद्धा, पण लोक अजून तेच सांगून राहिले.

आता काळजी बॅटरीची आहे आणि पॉवर बँकेचा नियम नेमका उलटा, ती फक्त हातातल्या बॅगेत. लिथियमचा एक सेल तापला की शेजारचा पेटतो, केबिनमध्ये निदान क्रू पाणी ओतून तो थंड करू शकतो, खाली सामानाच्या जागेत कोणी पोचतच नाही आणि तिथला हॅलॉन गॅस ज्वाळा दाबतो पण सेल आतून तापतच राहतो. लॅपटॉप-टॅबही जवळच ठेवलेले बरे. मिक्सर खुशाल चेक-इनमध्ये टाका, त्यात बॅटरीच नाही.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. विमान भरलं की गेटवर केबिन बॅगाही खाली टाकायला मागतात, आपली म्हातारी माणसं कोणी युनिफॉर्ममधला मागतोय म्हणून मुकाट देऊन टाकतात, आणि पॉवर बँक, औषधं सगळं आतच जातं. म्हणून पॉवर बँक एका छोट्या पिशवीत वेगळी ठेवा, बॅग द्यायच्या आधी ती पिशवी काढायची, हे बाबांना दोन-तीनदा बजावा. आणि फोन चार्ज असू द्या, सिक्युरिटीवाले कधी कधी चालू करून दाखवायला सांगतात.

---

खूप आभार दादा, आत्ताच फोन केला. पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे म्हणतात बाबा, पण जुनी आहे, वरचे आकडे पार पुसलेत. चालेल का?

---

२०,००० म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), १०० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागत नाही, तेवढ्यापुरतं ठीक. पण आकडाच वाचता आला नाही तर एअरपोर्टवरचे सिक्युरिटीवाले, म्हणजे सीआयएसएफ, ती ठेवून घेऊ शकतात आणि तेव्हा बाबा एकटे हुज्जत घालत बसतील. शिवाय एअरलाइनप्रमाणे नियम अजून कडक असतात, एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली, तेव्हा तिकिटावरच्या कंपनीचं पान बघून घ्या. जुनी घरीच राहू द्या. मी सध्या नागपुरातच आहे, उद्या बर्डीच्या बाजारात जायचंच आहे, आकडे नीट छापलेली १०,००० ची घेऊन बाबांना देतो. पत्ता मला वेगळा पाठवा, लिस्टवर नको.