आज्जाची काजूबाग तोडायची की राखायची?

प्रश्न
खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची साडेतीन एकर काजू आहे. आज्जाने बिया टोकून लावलेली. बाबा गेल्यापासून मी आणि आई बघतो. झाडं पन्नाशी ओलांडलेली. यंदा अकरा झाडांच्या बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला. एकाची साल खरवडली तर आत बोटभर लांब पांढरी अळी! तीन झाडांची पानं पिवळी पडून गळायलीत. गोव्यातला भाऊ म्हणतो, सगळी तोडून कलमं लावूया. उत्पन्न घटलंय, त्याचंही खरंय. पण आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून याच झाडांखाली बिया वेचते. तिच्यासमोर हा विषय काढवत नाही. काय करावं?

उत्तर, चंदगडहून
ताई, हा खोडकिडा. पिवळी पडलेली तीन झाडं वाचणार नाहीत. मुळासकट काढून जाळा. उभी ठेवलात तर त्यातल्या अळ्यांचे भुंगेरे होऊन शेजारच्या झाडांवर जातील. बाकी आठ झाडांचा भुसा येतोय तिथली साल पटाशीने सोला, बाकदार तारेने अळी ओढून काढा. मग बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत 5 टक्के निंबतेल लावा, किडा अंडी तिथंच सालीच्या भेगांत घालतो. पंधरा दिवसांनी परत बघा. माझी सहा झाडं नुसत्या आळसापायी गेली, म्हणून सांगतोय.

उत्तर, रोपवाटिकावाला
सरसकट तोडू नका, एकेक पट्टा मोकळा करा. जुन्या झाडांच्या सावलीत कलम वाढत नाही, काजूला ऊन लागतं. 7 मीटरवर लावलात तर एकरी साधारण 80 बसतात. वेंगुर्ला 4 आणि 7 या जाती आपल्याकडे चालतात, 7 ची बी 10 ग्रॅमच्या आसपास भरते. कलमाच्या जोडाखालचे फुटवे काढत राहा, पहिली दोन वर्षं मोहोर खुडा.
आणि एक. बियांपासून वाढलेली बाग म्हणजे प्रत्येक झाड वेगळं. सगळ्यात जास्त धरणारं, मोठ्या बियांचं झाड हेरून त्याच्याच काड्यांची कलमं बांधा. आधी त्या काडीची पानं देठ ठेवून छाटा, आठ-दहा दिवसांनी काडी कापा. आज्जांचं झाड तुमच्याकडेच राहील.

प्रश्नकर्ती
दादा, दोघांचेही आभार. काल आठ झाडांतून चौदा अळ्या काढल्या. भाऊ शनिवारी येतोय, वरचा पट्टा आधी मोकळा करायचं ठरलंय. आईला विचारलं, सगळ्यात चांगलं झाड कुठलं? ती लगेच म्हणाली, "विहिरीकडचं दोन खोडांचं. खंडीभर बिया त्याच्याखाली वेचल्यात मी." आज तिनेच त्याची पानं छाटली.