"स्वतःशी मायेने बोला" म्हटलं की क्लायंट अजूनच आक्रसतात, काय करावं?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, मी नुकतीच समुपदेशन करायला लागलेय. जे क्लायंट सतत स्वतःला बोल लावतात, "मी काही कामाचीच नाही", "सगळं माझ्यामुळेच झालं" वगैरे, त्यांना जरा स्वतःशी मायेने बोलून बघा म्हटलं की काहीजण चिडतात, काही एकदम गप्प होतात, एखाद्याला रडू आवरत नाही. आणि मग घरी आल्यावर माझं सुरू होतं, की अनुभवी कोणी असतं तर असं झालं नसतं, मला हे जमणारच नाही, आणि मी नोट्स परत परत वाचत बसते. सेल्फ-कम्पॅशनवर, म्हणजे स्वतःशी मायेने वागण्यावर, वाचलंय बरंच, पण क्लायंटपर्यंत ते पोचवायचं कसं आणि स्वतःला लावायचं कसं, दोन्ही कळत नाहीये. प्लीज सांगा कोणीतरी.

रानवाट:
अगं हे होतंच, आणि याला नावही आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर गर्मर याला बॅकड्राफ्ट म्हणतात, म्हणजे बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीला दार उघडल्यावर हवा मिळाली की भडका उडतो ना, तसं. ज्याला लहानपणापासून माया मिळाली नाही, किंवा जिथून माया मिळाली तिथूनच मारही मिळाला, त्याला मऊ शब्द ऐकले की जुनं दुखणं वर येतं. मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कम्पॅशनची भीती मोजायच्या प्रश्नावल्याच काढल्या, त्यात स्वतःबद्दलच्या मायेची भीती वेगळी मोजलीय. त्यामुळे क्लायंट रडला म्हणजे तुझं चुकलंच असं धरू नकोस.

मी मायेचं वाक्य आधी देतच नाही. आधी विचारते, हे "मी कामाचीच नाही" मनात कुठल्या आवाजात येतं? त्याच आवाजात मोठ्याने म्हणून दाखवाल? खूपदा म्हणताना माणूस मधेच थांबतो, कारण तो सूर कोणाचा आहे ते त्याला तिथल्या तिथे ओळखू येतं. मग दुसरा प्रश्न, हे ओरडणं बंद केलं तर काय होईल असं वाटतं? उत्तर बहुतेकदा एकच, "मी आळशी होईन." इथे वाद घालायचा नाही, ती भीती पूर्ण ऐकून घ्यायची. नंतर कधीतरी ब्राइन्स आणि चेन यांचा २०१२ चा अभ्यास सांगता येतो, टेस्टमध्ये कमी पडलेल्यांपैकी ज्यांना त्या अपयशाकडे मायेने बघायला सांगितलं त्यांनी पुढच्या टेस्टसाठी उलट जास्त वेळ अभ्यास केला. पण हे नंतर हं, पहिल्याच दिवशी नाही.

खुर्चीच्या_पलीकडून:
मी क्लायंटच्या बाजूने लिहिते. मला "स्वतःवर प्रेम करा" ऐकलं की खोटं वाटायचं, आणि तेही जमत नाही म्हणून परत स्वतःलाच शिव्या. फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. एकदा मी सेशनमध्ये एकदम बंद झाले, तर पुढच्या वेळी मॅडम आल्या आल्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी जरा घाई केली, तुम्हाला ते जड गेलं असणार." एवढंच, मग लगेच माझ्याबद्दल बोलायला लागल्या. चूक झाल्यावर माणूस स्वतःला न झोडपताही ती मान्य करू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तुम्ही स्वतःशी कसं वागता ते आम्हाला कळतं ओ, चेहऱ्यावर दिसतं.

सुपरव्हिजनवाला:
वरचं उत्तर लाख मोलाचं आहे. पाऊलवाट, मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांच्या सेल्फ-कम्पॅशनच्या २००३ च्या मांडणीत स्वतःशी दयाळूपणा आणि माइंडफुलनेस (आत्ता जे वाटतंय ते जसंच्या तसं बघणं) यांच्याबरोबर 'हे सगळ्यांचंच होतं' ही जाणीवही आहे, आणि माझ्या मते थेरपिस्टला सगळ्यात जास्त गरज तिचीच असते, कारण आपलं काम बंद दाराआड चालतं, दुसऱ्याची फसलेली सेशन्स कधी दिसतच नाहीत, त्यामुळे वाटतं की अडखळतो तो आपण एकटेच. म्हणून सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी आपल्या केसेसबद्दल बोलायला, जाताना बरं गेलेलं सेशन नको, जे अडकलं तेच ने. शक्यतो ग्रुपमध्ये ने, तिथे इतरांचंही ऐकायला मिळतं.

आणि सेशन चालू असतानाच करण्यासारखं एक: समोरच्याचं दुःख अंगावर यायला लागलं की श्वास घेताना मनात "माझ्यासाठी", सोडताना "तुमच्यासाठी". ऐकणं तुटत नाही आणि आपणही वाहून जात नाही.

पाऊलवाट:
खूप आभार सगळ्यांचे. ते आवाज विचारायचं या आठवड्यात करून बघते. रानवाट, पण तो आवाज आईचा किंवा वडिलांचा निघाला आणि क्लायंट लगेच त्यांची बाजू घ्यायला लागला तर?

रानवाट:
घेऊ दे. आईवडिलांना दोषी ठरवायला आपण बसलेलो नाही. फक्त विचार, "तो आवाज ऐकला की तेव्हा कसं वाटायचं?" आणि मग थांब, घाईने पुढे जाऊ नकोस.