मदत हवी आहे: गर्भजल जास्त, बाळाचं जठर दिसत नाही. जन्मल्यावर काय पाहायचं?

बहिणीला आठवा लागलाय, बाळंतपणाला आमच्याकडे माणगावला आलीये. परवाच्या सोनोग्राफीत गर्भजल बरंच जास्त निघालं आणि बाळाच्या जठराचा फुगा दिसलाच नाही. अन्ननलिका मध्येच बंद असेल, गिळलेलं पाणी पुढे सरकत नसेल, अशी शंका आहे. खात्री जन्मानंतरच होईल, असं डॉक्टर म्हणाल्या. साखर नॉर्मल आहे (पाणी वाढायचं तेही एक कारण असतं म्हणे).

जन्मल्या जन्मल्या हे ओळखतात कसं? इथल्या नर्सिंग होममध्ये नाव घातलंय, ते बदलू का? आणि आजीने चाटवायला मध आणून ठेवलाय, तिला काय सांगू?

रानजाई: एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स आहे. आधी तो मध लपवा. नळी टाकून खात्री होईपर्यंत बाळाला घुटी, वरचं दूध, अंगावरचंसुद्धा नको. अन्ननलिकेचा वरचा भाग तळाशी बंद असतो, त्यात गेलेलं उलटून श्वासनलिकेत उतरतं.

अशा बाळाच्या तोंडाला बारीक बुडबुड्यांचा फेस येतो. पुसा, सक्शन करा, थोड्या वेळात परत हजर. पाजलंच तर ठसका लागतो, ओठ निळे पडतात. शंका आली की तोंडातून जरा जाड, 10 नंबरची नळी घालतात. ती साधारण 10 ते 12 सेंमीवर अडते. बारीक, लिबलिबीत नळी वरच्या वरच वेटोळं घालून बसते आणि पोटात पोचली असं वाटतं, म्हणून एक्स-रे हवाच. त्यात पोटात हवा दिसली तर अन्ननलिकेचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला, सुमारे 85 टक्के बाळांत हाच प्रकार. हवा नसेल तर दोन टोकांतलं अंतर बहुधा मोठं असतं आणि ऑपरेशन टप्प्याटप्प्याने करावं लागू शकतं. तुमच्याकडे जठरच दिसत नाहीये, तेव्हा याबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा.

काठावरचा: नर्सिंग होम विसरा. बालशल्यचिकित्सक असेल तिथेच बाळंतपण करा. परळला वाडियाचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय एकाच आवारात आहे. पाणी जास्त असलं की कळा लवकर येऊ शकतात, नवव्याची वाट बघू नका.

धागाकर्ता: उद्याच फोन करतो. हृदयही तपासतात असं ऐकलं, ते का?

रानजाई: याच्या जोडीने हृदय, मणके, मूत्रपिंड, शीची जागा यांतही दोष असू शकतो. म्हणून ऑपरेशनआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. सोनोग्राफीचे जुने रिपोर्टही सोबत न्या, पाणी कधीपासून वाढलं ते त्यावरून कळतं.