मदत हवी आहे: स्वतःचाच जुना ड्रेस नव्याने करताना अडलेय

नमस्कार मंडळी. दहा वर्षांपूर्वीच्या माझ्या कलेक्शनमधले पाच-सहा ड्रेस पुन्हा बाहेर काढलेत, आजच्या नजरेने करून बघायला. अमेरिकन डिझायनर मार्क जेकब्सने पेरी एलिस या ब्रँडसाठी केलेलं १९९३चं ग्रंज (रॉक संगीतातून आलेली अस्ताव्यस्त स्टाईल) कलेक्शन २०१८मध्ये जवळजवळ जसंच्या तसं परत आणलं होतं. तेवढं धाडस माझ्यात नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढं नावही नाही!

अडचण एकाच ड्रेसची आहे. मूळचा उरेब कापातला (म्हणजे कापड तिरकं धरून कापलेला), रेशमी क्रेपचा. तोच पॅटर्न जाडसर लिनेनवर टाकला तर कापड अंगावरून ओघळत नाही, कमरेशी फुगतं. शिवाय उरेब कापड टांगलं की कुठे जास्त उतरतं, कुठे कमी. म्हणून एक दिवस टांगून ठेवते आणि मगच खालची दुमड आखते, तरी घेर वाकडाच येतो.

असा पॅटर्न कुणी जाड कापडासाठी बदललाय का? कमरेची शिलाई हलवू, की सरळ उभ्या धाग्यावर कापू? पण उरेब काढलाच, तर तो ड्रेस जुन्याचा नवा अवतार म्हणायचा की वेगळाच?