विषय: १९८६, ॲडलेड – मॅन्सेलचा टायर

नमस्कार मंडळी,

काकांनी काल लिहिलं की १९८६चं फॉर्म्युला वनचं जागतिक विजेतेपद प्रॉस्टला फुकटात मिळालं. मला ते अजिबात पटलं नाही.

२६ ऑक्टोबर, मोसमातली शेवटची शर्यत. तोवरचे गुण: मॅन्सेल ७०, प्रॉस्ट ६४, पिके ६३. विजेतेपदासाठी मॅन्सेलला तिसरा नंबर पुरेसा होता. ८२ फेऱ्यांपैकी ३२व्या फेरीत प्रॉस्टचा टायर पंक्चर झाला, पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यात) वेळ गेला आणि तो चौथा झाला. त्याचं संपलं असंच वाटत होतं. पण टायर पुरवणाऱ्या गुडइयरच्या माणसांनी त्याचे उतरवलेले टायर तपासले, झीज बेताची दिसली, आणि बाकीच्यांना निरोप गेला की टायर शेवटपर्यंत टिकतील. त्या भरवशावर मॅन्सेल टायर न बदलता ट्रॅकवरच राहिला.

६३व्या फेरीत आघाडीवरच्या रॉसबर्गला (प्रॉस्टच्याच संघातला ड्रायव्हर) मागून खडखडाट ऐकू आला. इंजिन गेलं समजून त्याने गाडी बंद केली. उतरून पाहतो तर टायर सोललेला! इंजिन धडधाकट होतं. पुढच्याच फेरीत, ताशी २९० किलोमीटरच्या आसपास, मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला.

प्रॉस्टकडे नवे टायर होते ते पंक्चरमुळे, हे खरं. पण चौथ्या नंबरावरून गाडी वर आणली ती त्यानेच.

*

ताई,

‘फुकटात’ हा शब्द मागे घेतो. रॉसबर्गचं मला ठाऊक नव्हतं.

पण पिकेचं काय? मॅन्सेलचा टायर फुटल्यावर दोघांच्या विल्यम्स संघाने पिकेला खबरदारी म्हणून टायर बदलायला आत बोलावलं. आघाडी गेली, आणि शेवटी तो जेमतेम चार सेकंदांनी मागे राहिला.

*

काका,

बोलावलं तेच योग्य. एक टायर फुटलेला डोळ्यांसमोर असताना दुसऱ्या माणसाला कोण बाहेर ठेवेल? मी तरी नसतं ठेवलं.

आणि प्रॉस्टचं इंधन बघा. तेव्हा शर्यतीत मध्येच इंधन भरायला बंदी होती, आणि त्याच्या गाडीतला संगणक सांगत होता की टाकी एव्हाना रिकामी झालेली असायला हवी. तरी पिके मागे लागलेला असताना तो दामटत राहिला. रेषा ओलांडल्यावर लगेच गाडी थांबवली, उतरला आणि उड्या मारायला लागला. शेवटचे गुण: प्रॉस्ट ७२, मॅन्सेल ७०, पिके ६९. सलग दोन विजेतेपदं, जुना ड्रायव्हर जॅक ब्रॅबमनंतर पहिल्यांदाच.

*

ताई, पटलं. तरी तीन चाकांवर झोकांड्या खाणारी ती गाडी मॅन्सेलने सावरली, हे विसरू नका. त्याला विजेतेपदासाठी पुढे १९९२ उजाडावं लागलं. मला अजून वाईट वाटतं.