मदरबोर्डाचा क्रिस्टल काढून क्लॉक सिंथेसायझर बसवायचा आहे, चिप सुचवा

पऱ्हाटी_७१ (आर्णी, जि. यवतमाळ)
घरचा जुना डेस्कटॉप टाइम सर्व्हर (बाकी मशिनींना वेळ पुरवणारा) म्हणून चालवतो. जीपीएसचा पीपीएस (दर सेकंदाचा ठोका) जोडला आहे, वर क्रोनी, म्हणजे घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर. पण खोलीवर टिनं आहेत. दुपारी तापली की क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकते आणि ऑफसेटचा (वेळेतल्या फरकाचा) ग्राफ चढत जातो. १४.३१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल उतरवून तिथं सिंथेसायझरचा (एका फ्रिक्वेन्सीतून दुसरी बनवणाऱ्या चिपचा) सिग्नल द्यायचा आहे. मॉड्यूल स्वतः बनवीन. बजेट ३,००० रुपये, वर एक रुपया नाही.

एक_फेज
भाऊ, आधी सेल बदल. सीआर२०३२. माह्या कॉम्प्युटर रोज जुनीच तारीख दाखवे, सेल टाकला अन् झालं काम.

सेलूवाला
डीएस३२३१ ही घड्याळाची चिप घ्या, डोळे मिटून. ओलिताच्या टायमरला लावलाय, वर्षाकाठी मिनिटाचाही फरक नाही. २ पीपीएम, म्हणजे दहा लाखात दोनचा फरक!

पऱ्हाटी_७१
सेल काय अन् डीएस३२३१ काय, ते मशीन बंद असतानाचं घड्याळ. मशीन चालू झाल्यावर वेळ मोजला जातो तो या १४.३१८ वाल्यावरून.

कोळसाखाण
आणि ते २ पीपीएम ० ते ४० अंशांपुरतेच. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात ४० तर जेवणाआधीच होऊन जाते.

तापी_ते_वैनगंगा
रुबिडियमचं अणुघड्याळ घ्या हो. टॉवरच्या भंगारातून मी उचललं, १० मेगाहर्ट्झ असा देते की बोलायची सोय नाही. बजेट थोडं वाढवा, रोज रोज थोडीच घेतो माणूस.

कोळसाखाण
रुबिडियमचं कौतुक राहू द्या. आपल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती.

तापी_ते_वैनगंगा
ती विदेशी होती. २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहात देशी घड्याळ आहे. अन् माझं चालू आहे, तुमचं काय म्हणणं?

खामगाव_हॅम
मुद्द्यावर या राजेहो. एसआय५३५१ ही सिंथेसायझर चिप घ्या. बाहेरून दिलेल्या १० मेगाहर्ट्झला ६३ नं गुणा, ६३० झाले. त्याला ४४ नं भागा, बरोब्बर १४.३१८१८. दोन्ही आकडे पूर्णांक, त्यामुळे जिटर (ठोक्यांची थरथर) कमी. पण बाहेरून क्लॉक घ्यायची वेगळी पिन फक्त सी व्हेरियंटला आहे. बाजारातल्या तयार बोर्डावर बहुधा ए असतो. त्याच्या क्रिस्टलच्या पिनेत कपॅसिटरमधून १० देणारे लोक आहेत, चालतेही, पण डेटाशीटच्या बाहेरचं काम आहे.
अजून एक. ही चिप वीज आल्यावर कोरी उठते, आयटूसीनं (दोन तारांच्या जोडणीनं) आकडे भरावे लागतात. ते कॉम्प्युटरकडून भरू म्हणाल तर क्लॉकशिवाय कॉम्प्युटरच उठत नाही. एक आर्डुइनो नॅनो लावा, आणि त्याला एसएमपीएसच्या जांभळ्या वायरीवरचे ५ व्होल्ट द्या, चिपला त्यातूनच ३.३ करून; ते ५ व्होल्ट मशीन बंद असतानाही येतात. बायोसमधलं स्प्रेड स्पेक्ट्रम (क्लॉक मुद्दाम थोडं हलवणारी सोय) बंद करा.

एक_फेज
अन् लाइन गेली तं? आमच्याकडं रात्री येते, दिवसा जाते.

सेलूवाला
तेच म्हणतो, डीएस३२३१ ला सेल असतो.

धामणगाव_डाऊन
क्रिस्टल उतरवूच नका. दुकानदाराच्या पोरानं माझ्या बोर्डाचे पॅड उखडून ठेवले, वर मजुरी घेतली. क्रोनीत टेम्पकॉम्प आहे, बोर्डाचा सेन्सर वाचून तेच दुरुस्ती करते. पीपीएसचा पोल (किती वेळानं तपासायचं तो आकडा) ६ वरून ३ करा, तापमान बदललं की लवकर पकडेल. खर्च शून्य.

खामगाव_हॅम
हे खरं आहे. निव्वळ वेळच पाहिजे असेल तर आधी हेच करून पाहा.

एक_फेज
सेल तरी बदलून पाह्य बापा, किती रुपयाचा येते.

पऱ्हाटी_७१
सगळ्यांचे आभार. टेम्पकॉम्प चांगलं आहे, पण ते सॉफ्टवेअरचं ठिगळ, मला क्रिस्टलच नको आहे. एसआय५३५१ सी मागवली, सोबत जुना १० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ (आतलं तापमान कायम ठेवणारा ऑसिलेटर). बजेट ओलांडलं, घरी बोलू नका. हॅमभाऊ, सिग्नल क्रिस्टलच्या इनच्या पॅडवर द्यायचा अन् आउट मोकळा ठेवायचा, बरोबर ना?

खामगाव_हॅम
बरोबर. पण सरळ ३.३ व्होल्ट ठोकू नका, आधी त्या पिनेची मर्यादा पाहा, रेझिस्टर लावून उतरवा. वायर बोटभरही नको.