कन्फ्यूशियसच्या 'शियाओ'ला मराठीत काय म्हणाल?

अडलेली_अनुवादिका: दिवाळी अंकासाठी चीन-कोरियातल्या शिक्षणावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय आणि 'शियाओ'पाशी (मुलांनी आईबापांशी कसं वागावं ते तत्त्व) गाडी अडलीये. 'मातृपितृभक्ती' लिहिलं तर संपादकबाई म्हणतात कीर्तनासारखं वाटतं, 'आज्ञाधारकपणा' करा. पण तो अर्थच नाही ना! 'शियाओजिंग' नावाचं छोटं पुस्तक पोरं पाठ करायची, त्यातच म्हटलंय की बाप चुकत असेल तर मुलाने त्याला अडवलंच पाहिजे, नुसतं हो ला हो करणं म्हणजे शियाओ नव्हे. सुचवा काहीतरी.

खडूफळा: पुंडलिकपणा :)

जुनीवही: पुंडलिक आधी आईबापांना छळायचा आणि मग सुधारला, तिकडच्या मुलांना ती सवलत नाही. चोवीस आदर्श मुलांच्या गोष्टी आहेत, शतकानुशतकं पोरांना सांगितल्या जायच्या, त्यात एक आठ वर्षांचा मुलगा घरात मच्छरदाणी नाही म्हणून उघडाच झोपतो, डासांनी आपल्यालाच चावून पोट भरावं आणि आईबापांना झोप लागावी म्हणून. दुसरा गुओ जू, म्हाताऱ्या आईच्या वाटणीचं नातवाच्या तोंडी जातं म्हणून पोटच्या पोराला पुरायला खड्डा खणतो! खड्ड्यात सोनं निघतं म्हणून पोरगं वाचतं. लू शुन या चिनी लेखकाने लिहिलंय की ही गोष्ट वाचून लहानपणी त्याला भीतीच बसली, आपला बाप आदर्श मुलगा निघाला तर आपलं काय, कारण घरात आजी होती. याला भक्ती म्हणायचं?

विरजण: म्हणूनच 'ऋण' हवं. देह आईबापांनी दिलेला, त्याला इजा करायची नाही, अशीच सुरुवात आहे 'शियाओजिंग'ची. १८९५ मध्ये कोरियात पुरुषांनी डोक्यावरचा बुचडा कापायचा हुकूम निघाला तेव्हा लोक पेटले ते यामुळेच. आपल्याकडे 'पितृऋण' तयार आहे की.

जुनीवही: पितृऋण मुलगा जन्माला घालून फिटतं हो, सेवा करून नाही.

विरजण: मग तर फारच चपखल! निपुत्रिक राहणं हा सगळ्यात मोठा अ-शियाओ असं कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस सांगतोच.

सरळसोट: शब्द तसाच ठेवा ना, 'शियाओ', कराटे आणि त्सुनामी पचवलं आपण. संस्कृत जोडून काय मिळतं? आपल्या २००७ च्या आईवडिलांच्या कायद्यात 'मेंटेनन्स'ला 'चरितार्थ' केलंय, त्याला लोक पोटगीच म्हणतात.

विरजण: लोक काय, 'बर्थडे विश करतो' पण म्हणतात. सगळंच 'तसंच ठेवा' तर अनुवाद कशाला करायचा?

अडलेली_अनुवादिका: बरं, त्याच लेखात 'केजू' पण आहे, चीनमधली सरकारी अधिकारी निवडायची परीक्षा, चू शी या पंडिताच्या भाष्यासह कन्फ्यूशियसच्या परंपरेतले चार ग्रंथ १३१३ च्या फर्मानाने जिला लागले आणि जी थेट १९०५ ला बंद झाली ती. 'स्पर्धा परीक्षा' चालेल?

खडूफळा: धावेल! पुण्यात पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेली पोरं काय वेगळं करतात, पाठांतर आणि पुढच्या वर्षी परत अटेम्प्ट. १८५५ ला आयसीएसची, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीची, परीक्षा सुरू झाली तेव्हा इंग्लंडातही लोक कुरकुरलेच होते की हे चिनी खूळ.

जुनीवही: आणि ती चिनी परीक्षा पास होऊन अधिकारी होणारा तो मँडरीन, हा शब्द म्हणजे आपलाच 'मंत्री'! मलायमध्ये 'मंतरी' झाला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला.

सरळसोट: झालं, सगळं जग आपल्याकडूनच. पोर्तुगीजमध्ये 'मांदार' म्हणजे हुकूम देणे, त्याचं काय?

जुनीवही: त्याने उच्चार वळला असेल, मूळ मंत्रीच. कुठलाही चांगला कोश उघडा.

नागपूरकर: आमच्या संत्र्याला पण मँडरीन म्हणतात बरं का. आणि 'संत्रा' हा पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला असं आमचे आजोबा सांगायचे.

विरजण: आजोबांच्या आधी नागपुरात काय लिंबं खायचे का? फारसीत 'संगतरा' आहे.

अडलेली_अनुवादिका: अहो, मला उद्या मजकूर द्यायचाय.

खडूफळा: थांबा हो ताई, आधी 'संत्रा' की 'संत्रं' ते ठरू दे.